खोकल्याची नोंद

पहाटे चारला स्टेटन आयलंडहून बस सुटली.
मागच्या सीटांवर ऑक्सिजनची नळकांडी,
पट्टे बांधून, शहाण्या मुलांसारखी बसवलेली.
एमेट कर्विन खिडकीशी. शेजारी मी,
मांडीवर त्याची फाईल
आणि तोंड बांधलेली एक काळी पिशवी.

वॉशिंग्टनमधल्या त्या इमारतीची फरशी इतकी गुळगुळीत
की नळकांड्यांची चाकंसुद्धा दबकत चालली.
भिंतीवर तैलचित्रं.
एकाच्याही कॉलरवर धुळीचा कण नाही.

प्रत्येकाला तीन मिनिटं, कारकून बाई म्हणाल्या.
हिरवा दिवा लागला की बोला,
पिवळा लागला की आवरतं घ्या,
लाल लागला की थांबा.
एमेट हसला.
तेव्हा नुसतं 'जा' म्हणाले होते, म्हणाला,
दिवाबिवा काही नव्हता.

हिरवा.
मी आणि माझी कुत्री जुनो,
त्या ढिगाऱ्यावर एकोणतीस रात्री
आणि खोकला आला.
साधा नाही. आत खोल कुणी अजून
काँक्रीट फोडतंय, असा.
कुणी पाण्याचा ग्लास सरकवला.
कुणी कागद चाळले. वाचायचे नव्हते, तरी.
पिवळा.
जुनो आधी गेली, एमेट म्हणाला.
तिचं नाक जमिनीला जास्त जवळ होतं.
लाल.

मग मी. वांडा स्कोरुपा, रुग्णवाहिका चालवायचे.

महोदय, तुम्ही विचारता,
हा माणूस तिथे होता कशावरून?
हजेरीची वही त्याच ढिगाऱ्यात गेली.
दोन साक्षीदार हवेत, सोबत काम केलेले.
फिनबार गेल्या मार्चमध्ये वारला,
ओर्लँडो त्याच्याही आधी.
उरलेला हा इथे बसलाय, ओठ निळे पडलेत.
हातच्या कांकणाला आरसा किती वेळा दाखवायचा?
एकदा तो धूळ खाऊन घरी आला.
तेव्हापासून त्याची फाईल धूळ खाते आहे
तुमच्याकडे, अकरा वर्षं.

मी पिशवी टेबलावर ठेवली.
हे त्याचे बूट. नुआलाने घरात येऊ दिले नाहीत,
गॅरेजमध्ये टांगून ठेवले. धुतले नाहीत कधी.
उघडते, म्हटलं,
आणि गाठीला हात घातला.

अध्यक्षांची खुर्ची वीतभर मागे सरकली.
इथे नको, ते म्हणाले. कृपया. इथे नको.

महोदय, मी उघडत नाही.
हवा चांगली आहे, असं आम्हाला सांगणारा माणूसही
असाच व्यवस्थित बोलायचा.
माझी मागणी एवढीच:
इतिवृत्तात लिहा, की साक्षीदार चाळीस सेकंद खोकला,
ते त्याच्या वेळेतून कापू नका,
तीच त्याची साक्ष होती.
आणि लिहा, की खुर्ची मागे सरकली.
वीतभर.
वाटलं तर मोजून घ्या.

कारकून बाईंची बोटं कळफलकावर थांबली.
मग हळूच दोन ओळी टाइप झाल्याचा आवाज आला.
कुठल्या, ते मला दिसलं नाही.

परतीच्या बसमध्ये कुणी सँडविच वाटली,
कुणी पुढच्या तारखेचं विचारलं.
डेलावेअरच्या पुलावर, झोपेतच,
एमेटने ओठांचा चंबू केला.
जुनोला बोलवायची शीळ.

हवा पुरली नाही.