वारज्यातला फ्लॅट, रंगकामाआधी

अकरा वर्षांपूर्वी घेतलेलं हे घर.
हप्ते फिटले मागच्या दिवाळीत,
आणि आज मी पहिल्यांदा
त्याच्या स्वयंपाकघरात चप्पल काढून उभी आहे.

घेतलं तेव्हा माहितीपत्रकात लिहिलं होतं: टेकडीचं दृश्य.
आता तिथे दुसरी सोसायटी,
तिच्या गॅलरीत एक गृहस्थ बनियनवर दात घासताहेत,
माझ्याकडे बघून जरासे थांबले
आणि पुन्हा घासू लागले.

खैरनार परवा गेले. सामान टेम्पोत मावलं,
वास नाही मावला:
लसणाची चटणी, डांबरगोळ्या, कुठलंसं बाळंततेल.
ओट्यावर कुकरच्या बुडाचा गोल डाग.
आणि कुंडीसकट सोडलेला कढीपत्ता,
त्याला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी:
याला ताक आवडतं.

श्रीरंग खिडक्या मोजतो आहे.
तो सगळंच मोजतो. गोथेनबर्गला
जेवणाच्या टेबलावर त्यानं तक्ता मांडला होता.
शाळेची फी, पाण्याचे टँकर,
हिंजवडीला पोचायची मिनिटं, पावसातली वेगळी,
आईबाबांची वयं,
दर वर्षी आपोआप वाढणारा रकाना.
बेरीज मात्र त्यानं कधी मागितली नाही.

काल सहकारनगरला बाबा म्हणाले,
"आमच्यासाठी म्हणून येऊ नका हं.
यायचं तर स्वतःसाठी या."
आणि चहा बशीत ओतत बसले.
मी हात धुवायला आत गेले
तर न्हाणीघरात नवी दांडी, स्टीलची, भिंतीत बसवलेली,
कडेचं सिमेंट अजून ओलं.
कुणाला हाक मारावी लागू नये म्हणून.

सतरा वर्षं मी त्या दाराशी "येते" म्हणत आले.
निघताना जाते म्हणू नये,
एवढंच होतं त्यात.
आई ते शब्दशः घेत गेली.

जुई नऊ वर्षांची. माझ्या आईसारखं "अगंबाई" म्हणते
आणि भांडते स्वीडिशमध्ये.
तिनं विचारलं,
"आई, इथे आपण पाहुणे की घरमालक?"
मी म्हटलं, जा, लिफ्ट बघून ये.

रंगारी मुश्ताकभाई, पायजम्यावर पाच घरांचे रंग.
बेडरूमच्या चौकटीशी थांबले.
"ताई, हे घासून टाकू ना?"

पेन्सिलीच्या रेघा. शेजारी बारीक अक्षर.
ओजस, जून.
ओजस, दिवाळी.
ओजस, तापातून उठल्यावर.
मग बरीच वर चढत गेलेली शिडी,
आणि शेवटची रेघ माझ्या खांद्याशी, नाव नसलेली.
तोवर बहुधा तो लाजायला लागला असेल.

जुईच्या रेघा आहेत कपाटाच्या दाराच्या आतून,
कारण भाड्याच्या भिंतीवर लिहायचं नसतं.
म्हणजे आमच्या घरात वाढला खैरनारांचा ओजस
आणि आमची वाढली
कुणा लुंडक्विस्टच्या कोटांमागे, अंधारात.

लिफ्ट बघून आली ती. न विचारता
चौकटीला पाठ लावून उभी राहिली.
दिवाळीच्या ओजसपेक्षा दोन बोटं कमी.
"टाचा टेकव," श्रीरंग म्हणाला,
मुश्ताकभाईंनी कानामागची पेन्सिल काढून दिली,
तिच्या केसांवर त्यानं तळहात आडवा धरला
आणि तसाच राहिला.
"लवकर ना बाबा, मान दुखते."

गुरुवारचं विमान.
"मग ताई? काढू की राहू दे?"

मी म्हटलं, आधी आतली खोली घ्या.
आणि खाली जाऊन वॉचमनला विचारलं,
इथे कोपऱ्यावर ताक कुठे मिळतं.