रकाना सातवा

कुळ्याला उतरलो तेव्हा फलाटावर एक कुत्रं आणि स्टेशनमास्तर,
दोघंही सावली धरून.
माझ्या हातात एकशे चौदा पानांची यादी:
मालमत्ता, वय, स्थिती, डागडुजीचा खर्च,
आणि सगळ्यात उजवीकडे, सातव्या रकान्यात,
उरलेलं आयुष्य, वर्षांत.

सोबत दिला शाणू वेळीप, कीमन.
खांद्यावर पाना, हातात हातोडा,
तेहतीस पावसाळे याच चढणीवर चालून झालेले.
म्हटलं, पुढच्या महिन्यात बँकर येणार आहेत,
त्यांना सगळं दाखवायचंय.
तो थांबला. "आणिक किती?
तीन तर हांगा रोज असतात."
यार्डाकडे बोट केलं त्यानं:
तीन इंजिनं एकमेकांना चिकटून गुरगुरत उभी,
मालगाडीच्या शेपटाला लागून
तिला कॅसलरॉकपर्यंत ढकलणारी.
सदतीस पावलं चाललं की एक पाऊल वर, असा हा घाट.
इथे बँकर म्हणजे
मागून जोर लावतो तो,
आणि माथा आला की मुकाट सुटा होतो.

समजावलं त्याला. हे पुढून येतात.
पैसे घालतात. दुसरा रूळ, नवे सिग्नल,
बोगद्याला अस्तर,
आणि वीस वर्षं दरसाल इतके टक्के परतावा.
"आणि चढ संपल्यार?"
मी पान उलटलं.

मग चालत राहिलो.
तो रुळावर हातोडा टेकवायचा, मारायचाही नाही धड,
आणि कान तिरका करायचा.
ह्याला सहा वर्षं लिही. ह्याला चार.
हा आवाज आत गिळतो, ह्याला लिहू नको, बदल.
दगडी मोरी आली. बांधणारी कंपनी साहेबांची,
व्याजाची हमी लिस्बनची, घाम कुणाचा ते कागदावर नाही.
वय एकशे अडतीस.
टॅबच्या रकान्यात दोनच आकडे मावतात,
तेव्हा मोरी झाली अडतीस वर्षांची.
शाणू पोट धरून हसला:
"म्हज्या धाकट्याएवढी!"

जेवायला त्याच्या घरी. रुळापासून वीस पावलं.
कांदा घातलेली सुंगटाची किसमूर, उकड्या तांदळाचा भात,
आणि दारात उंबरठा म्हणून
मीटरगेजचा सागवानी स्लीपर,
लाइन रुंद झाली तेव्हा लिलावात
एकशे वीस रुपयांना घेतलेला.
खिळ्याच्या भोकात नातीनं चिंचोके भरून ठेवलेत.
गाडी गेली की ते आत खुळखुळतात
आणि ती मोठ्यानं डबे मोजते.

हात धुता धुता त्यानं विचारलं,
"कमीत कमी किती घालचे पडटात?"
मला वाटलं गंमत करतोय.
कपाटावरच्या डब्याकडे पाहत होता तो,
पुढच्या वर्षी मिळणारा फंड आधीच त्यात असल्यासारखा.
पंचवीस कोटी, म्हटलं.
"सगळी लाइन नाका मला.
झऱ्याकडलं वळण तेवढं जाय.
थंय दनपारां रूळ उन्हान बाहेर सरकता,
दोन बोटां. दुसऱ्या कोणाक खबर ना."
ते खरं होतं. यादीत ते वळण
'समाधानकारक' या शब्दाखाली होतं.

खोडलं. दोन बोटं, असं लिहिलं.
टॅब म्हणाला, इथे फक्त सेंटिमीटर.

संध्याकाळी वास्कोच्या गाडीत बसलो.
सातवा रकाना बहुतेक भरलेला,
फक्त एका ओळीत कर्सर लुकलुकत होता.
खिडकीतून दिसलं: घाटातून ते तिघे खाली येत होते,
मागे एकही डबा नाही,
तरी ब्रेक दाबत, अंगाचा सगळा भार सावरत, हळू.
उतारावरच जास्त जपचें पडटा,
निघताना शाणू म्हणाला होता,
बँकरांबद्दल.