डबल बेल

उदगीर ते बीड. हा रस्ता मी एकोणीस वर्षं
अंगठ्यानं चालले, तिकिटाच्या मशीनवर.
टप्पा कुठला, पूर्ण किती, अर्धी किती,
सुट्टे द्या, पुढं सरका.
वाटायचं, पाठ आहे.

नळेगावच्या अलीकडं कळलं, इथं चढ आहे.
इतक्या वर्षांत तो कधी लागलाच नव्हता.
मैनोद्दीनभाई गिअर बदलायचे,
तेवढाच चढ.

मैनोद्दीनभाई.
शेवटी शेवटी आठवड्यातून तीनदा
स्वतःच्याच बसमध्ये प्रवासी होऊन लातूरला जायचे.
चार तास मशीनला. येताना खिडकीला डोकं,
हाताला चिकटपट्टी.
मी पास मागायची नाही. ते तरी दाखवायचे.
शेवटच्या खेपेला दाखवला नाही.

तर ही पेटी. तिकिटांची, जुनी, पत्र्याची.
आमच्या दवाखान्यातही एक मशीन यावी म्हणून.
आणि हा पंच, जो डेपोत जमा करायचा होता,
केला नाही. दहा देईल त्याच्या पावतीला एक भोक,
पाचशे देईल त्याच्याही एकच.

पहिल्या दिवशी हार, बँजो, फोटो.
तिसऱ्या दिवशी रेणापूरच्या पुढं
मी, पेटी, आणि डाव्या टाचेखाली
वाटाण्याएवढं पाणी.
चौथ्या दिवशी जमले तीनशे चाळीस
आणि एक चार आण्याचं नाणं.

अंबाजोगाई मागं पडली. लाल बस कचकन थांबली.
दारात सिद्राम, नवीन पोरगा, माझ्याच हाताखाली शिकलेला.
"मावशी, बसा. मांजरसुंब्याला उतरा.
कोणाला कळतंय?"
आत सावली होती. माझ्या आधी माझा बूट
पायरीवर चढला.
आतले सगळे बघत होते, गाडी खोळंबवणाऱ्या बाईकडं
मी बघायची तसे.
मी पत्र्यावर दोनदा थाप मारली.
गाडी गेली.

मग मोरीच्या कठड्यावर बसून
मेलेल्या माणसाला शिव्या दिल्या.
पाणी न पिता, लघवी दाबून गाडी हाकायला
तुम्हाला कोणी सांगितलं होतं?
वेळेवर पोचलात ना? पोचलात?
एक कुत्रं ऐकत होतं. तेही उठून गेलं.

केजच्या पुढं उसाच्या कारखान्याहून परतणारी ट्रॉली
पंक्चर होऊन उभी. भांडी, लेकरं, शेळी,
आणि द्रौपदा. तिनं माझी टाच मांडीवर घेतली,
सुईत काळा दोरा ओवला, फोडातून आरपार काढला
आणि दोरा आतच ठेवला.
"पाणी त्याच्या वाटंनं जातंय.
कातडं सोलू नको बाई, आता तीच तुझी चप्पल हाय."
दहा रुपये दिले. नको म्हणाले तर रागावली.
पावतीचं भोक डोळ्याला लावून
तिनं मला बघितलं.
काय दिसलं, ते सांगितलं नाही.

आता घाट. खाली बीडचे दिवे.
लोक म्हणतात, उतार आहे, सोपं झालं.
उताराला प्रत्येक नख बुटाच्या भिंतीवर जाऊन आपटतं.
अंगठ्याचं काळं पडलंय, ते जाणार.
चढाला गाडी कळते, उताराला ड्रायव्हर,
असं भाई म्हणायचे, आणि ब्रेकवर पाय ठेवून
माझ्याकडून तंबाखू मागायचे.

पेटीत मशीनच्या एका नळीपुरते तरी
पैसे आहेत का, मोजलं नाही.
एक बेल म्हणजे थांबा.
कोणी एकदा वाजवली असती
तर मी इथंच, या दगडावर, बसले असते.
कान देऊन ऐकलं.
मी लंगडत होते, म्हणून
पेटीतली नाणी दर पावलाला
दोनदा वाजत होती.