शेपटी आणि स्वल्पविराम

बोटोशानीच्या नगरपालिकेत, तळमजल्यावर,
जिथे हिवाळ्यात खिडकीला आतूनही बर्फ धरतो,
चेझार एकच पान
तीन ब्राउझरांतून पाहतोय.

पहिल्यात नाव धड आहे.
दुसऱ्यात मधलीच दोन अक्षरं जाड,
शेजारच्या घरून मागून आणल्यासारखी.
तिसऱ्यात नुसत्या चौकटी:

Pu□ca□u, Costache. रांग चौदा, कबर सहा.

सकाळी आग्लायाबाई काउंटरशी येऊन म्हणाल्या होत्या,
"माझा नवरा तुमच्या यंत्रात नाही.
नातीने शिकवलं तसंच टाइप केलं मी.
यंत्र म्हणतं, असा कुणी मेलेलाच नाही."
आणि मग, हसू की नको अशा चेहऱ्याने,
"तसं असेल तर पाठवून द्या घरी.
लाकडं फोडायची राहिलीत."

चेझारने आधी करायचं ते सगळं केलं.
कॅश पुसली. फॉन्ट बदलून पाहिला.
सर्व्हर एक सांगत होता,
पानाच्या माथ्यावर भलतंच लिहिलेलं,
आणि ब्राउझर बिचारे, कुणाचं ऐकायचं
हे आपापल्या वकुबाने ठरवत होते.
त्याने दोघांना एका शब्दावर आणलं.
चौकटी गेल्या. जाड अक्षरं बारीक झाली.
शोध मात्र तसाच:
शून्य नोंदी.

मग त्याने ते अक्षर मोठं केलं, तळहाताएवढं,
चष्मा कपाळावर ढकलला
आणि त्याच्या पायाशी पाहिलं.

नोंदीतल्या 'श'ला शेपटी होती, चिकटलेली.
बाईंनी टाइप केलेल्या 'श'खाली स्वल्पविराम,
सुटा,
केसभर अंतर राखून.

जुन्या यंत्रांत स्वल्पविरामवाला नव्हताच.
तुर्कांचा शेपटीवाला घेतला उसना, चालवून नेला,
आणि दोम्नित्सा नावाच्या कारकुनीने
वर्षानुवर्षं, दोन बोटांनी,
गावातले सगळे मेलेले शेपटीसकट भरले.
कुणाला कळणार? उच्चार तोच, माणूस तोच.
यंत्राच्या लेखी मात्र एक तीनशे एकावन्न,
दुसरा पाचशे सदतीस.

बायको पाचशे सदतीसने हाका मारतेय
आणि नवरा तीनशे एकावन्नात झोपलेला.

उपाय एका ओळीचा:
जिथे शेपटी, तिथे स्वल्पविराम.
साऱ्या नोंदी, एका दमात.
बोट एंटरवर टेकलं

आणि यादी सरकता सरकता
रांग तीस, भिंतीलगत: Gülşen.

शाळेच्या फाटकासमोर तिळाची कडी विकायची ती.
नवऱ्यामागोमाग इस्तंबूलहून आलेली,
सुट्टे नसले तर "उद्या" म्हणायची,
एवढाच एक शब्द इथला, पण स्वच्छ.
तिचं कडं उद्यावर घेऊन
चेझार वर्गात शिरलेला आहे कितीदा तरी.

ही शेपटी उसनी नव्हती.
ही तिची होती, माहेरून आणलेली.

त्याने बोट उचललं.
आज्ञेत आणखी एक ओळ घातली, हिला वगळणारी,
आणि पुढच्या माणसासाठी शेजारी टीप:
चूक नाही. हात लावू नये.

शुक्रवारी आग्लायाबाई आल्या.
टाइप केलं. कोस्ताके पहिल्याच फटक्यात सापडला.
"आहे म्हणजे," त्या म्हणाल्या,
आणि जरा वेळ गप्प राहिल्या.
"मग लाकडं मीच बघते."

कागदावर काढून द्या म्हणाल्या, दिला.
प्रिंटर जुना. त्याने दोन्ही जागी
प्रश्नचिन्हं छापली.

चेझार ओशाळला, दुसरा काढतो म्हणाला.
बाईंनी टेबलावरचं पेन घेतलं,
प्रश्नचिन्हांवरून ठसठशीत अक्षरं काढली,
आणि त्या अक्षरांखाली, हात थरथरता,
जे काही उमटलं
ते अर्धवट चिकटलेलं, अर्धवट सुटं.

घडी घालून त्यांनी ते पिशवीत ठेवलं,
पावाशेजारी.