बारदाना

पहिल्या अंकाच्या मध्यावर नटी थांबली.
वाक्य ओठांत होतं, बाहेर आलं नव्हतं,
आणि त्या रिकाम्या जागेत
माइक आपला आपणच किंचाळला.
सावरटोल्याच्या अख्ख्या मंडपानं कान झाकले:
दिवसभर शंकरपट बघून दमलेले गडी,
दुलईतली पोरं, झारा उचलून थांबलेला भजेवाला.

मी हसले. ओळखीचा आहे हा,
तिकडे तो ऐकू येत नाही इतकंच.

तिकडे म्हणजे तांब्याची नळी,
आत निर्वात, भोवती द्रव हेलियममध्ये गारठलेलं चुंबक.
इलेक्ट्रॉन गिरक्या घेत वर चढतात.
पोकळीत पोचल्यावर, आणि तिथेच,
गिरकी देऊन टाकायची असते त्यांनी, सगळ्यांनी एका सुरात.
त्या लहरींवर प्लाझ्मा तापवायचा. सूर्याचा तुकडा वगैरे
साहेब लोक अहवालात लिहितात.
माझ्या वाट्याला पोकळीच्या अलीकडची
वीतभर वाट आली आहे.

तिथेच ते गाऊ लागतात.
भलत्या सुरात, घर यायच्या आधी, ओसरीवरच,
आणि आत पोचतात ते उसवलेले,
कोणाची गिरकी भरली, कोणाची सांडली,
मेगावॅटच्या जागी काटा सातशे किलोवॅटवर थरथरतो.
अकरा महिने. तीन नळ्या.
सिरॅमिकच्या कड्या, तांब्याच्या कड्या,
एकाआड एक रचत आले मी,
केसाचाही फरक नाही. रेखीव.
आई म्हणायची, हिची रांगोळी मोजून घ्या.

साउंडवाला झिबल कामडी
पडद्यामागून पोती ओढत आला.
एकात धानाचा कोंडा, एकात तणस,
एक ओलं, एक नुसतंच रिकामं.
कनातीला कुठेही अडकवत गेला,
एक खाली, दोन वर, मध्ये हातभर उघडं.
"आवाज मारता येत नसते, बाई," तो म्हणाला,
"त्याले थकवा लागते."
सारखी काऊन नाही लावत, मी विचारलं.
"सारख्यात त्याले घर सापडते."
वायर दातात होती त्याच्या,
मला वाटलं, नीट ऐकलं नाही मी.
परत विचारलं नाही.

नटी पुन्हा पुढे आली. तेच वाक्य.
इतकं हळू म्हणाली, तरी
भज्यांच्या कढईपर्यंत गेलं.

दुसरा अंक मी पाहिलाच नाही.
तिकिटाच्या पाठीवर कड्या काढत बसले,
एक खाच खोल, एक तिरकी,
पुढची कुठे, ते हाताला विचारून.
मोजलं नाही. बोटं कचरत होती.
चालेल का, ठाऊक नाही.
बिघडली तर चौथी नळी माझ्या नावावर.

पाचला पडदा पडला.
झिबल पोती झाडत होता, कोंडा माझ्या चपलेवर.
"तिकडे तुमचं काय ओरडते?" त्यानं विचारलं.
काहीच ऐकू येत नाही, मी म्हणाले,
नुसता काटा पडतो.
पोतं घडी करता करता तो थांबला.
"मंग तं कठीन आहे," म्हणाला.