बोट वर

माझे कान खाणीत राहिले.
एकतीस वर्षं ड्रिल धरलं, त्याची ही शिल्लक:
किटली शिट्टी मारते, मला नुसती वाफ दिसते.

तरी रविवारी कॉफी भाजतोच मी,
मागच्या शेडमध्ये, पत्र्याखाली.
क्वीन्सटाउनात पाऊस नाही असा रविवार
अजून माझ्या वाट्याला आलेला नाही.

यंत्र म्हणाल तर बायकोनं टाकून दिलेलं ब्रेडचं मशीन.
पीठ मळायचं पातं अजून गरगरतं. झाकण नाही.
वरून रंग खरवडायची हीट गन,
सायकलच्या तुटक्या स्टँडला तारेनं आवळलेली,
नाक खाली, बिळात डोकावणाऱ्या कुत्र्यासारखी.
गार करायला चाळण, चाळणीखाली
भंगारातल्या गाडीचा रेडिएटर पंखा.
मेव्हणा म्हणतो, डेन्झिल, एक दिवस आग लागेल.
लागली होती. छोटी. त्याला सांगितलेलं नाही.

दाणे न्यू गिनीचे, हिरवे, पाचशे ग्रॅम.
आधी ओल्या गवताचा वास, मग पावाचा,
मग फोलपट सुटतं, शेडभर उडतं,
माझ्या भुवयांवर येऊन बसतं.
इथवर नाक पुरतं, डोळे पुरतात.
पुढं कान लागतात.
दाणा आतून फुटतो, लाही फुटावी तसा;
त्या आवाजापासून मोजायचे नव्वद सेकंद.
आधी थांबलात तर आंबट गवत,
नंतर थांबलात तर कोळसा.

म्हणून मेरिन.
शेजारची, नऊ वर्षांची,
पुढचे दात नुकतेच आलेले, तोंडाला मोठे होणारे.
उलट्या बादलीवर डोळे मिटून बसते,
मांडीवर बिस्किटांचा पुडा.
पहिली तडतड ऐकली की बोट वर.
दाणे सगळे मिळून बोलायला लागले की अख्खा हात.
मजुरी दोन डॉलर.
कॉफी तिनं एकदाच चाखली,
दारात जाऊन थुंकली आणि म्हणाली
(ओठ मला वाचता येतात)
"एवढं करून हे?"

जुलैत ती आजीकडे गेली, बर्नीला. तीन रविवार.
पहिल्या रविवारी मी कोळसा केला.
दुसऱ्या रविवारी गवत.
तिसऱ्या रविवारी पात्याकडे बघत बसलो असताना
मला कॉर्मॅक आठवला.

खाणीत शिफ्ट सुरू होताना
आम्ही छताला पहार ठोकायचो.
घट्ट दगड खणखणतो. सुटलेला पोकळ बोलतो,
मग त्याच्याखाली उभं राहायचं नाही.
कॉर्मॅकचे कान माझ्याही आधी गेलेले.
तो दुसऱ्याला ठोकायला लावायचा
आणि आपण पहारीला गाल लावून उभा.
आम्ही हसायचो.
तो मेला तो घरी, पलंगावर.
हसणाऱ्यांतले दोघं तसे नाही मेले.

लाकडी चमचा होता हाताशी.
एक टोक भांड्याच्या कडेला टेकवलं,
दुसरं दातांत धरलं.
आधी पात्याची घरघर जबड्यात आली,
जुन्या ओळखीची, न बोलावता घरात शिरणारी.
मग बराच वेळ तेवढीच.
मग दाढेत

टक.

मी हललो नाही.
टक. टक टक.
अकरा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी
माझ्याशी ओठ न हलवता बोललं.
चमच्याला लाळ लागलेली, डोळ्यांत धूर,
नव्वद मोजायचे तिथं मी एकशे दहा मोजले.

मेरिन परतली तेव्हा बादली जागेवर होती.
चमचा मी खिळ्याला टांगून ठेवला.
ती बसली, डोळे मिटले,
बर्नीच्या समुद्राबद्दल काहीबाही सांगत राहिली
(डोळे मिटून बोलणाऱ्या माणसाला कळत नाही
आपलं कुणी ऐकतंय की नुसतं बघतंय)
आणि सांगण्याच्या नादात
फोलपट उडालं, धूर निळा झाला,
दाणे काळवंडायला लागले.
मला दिसत होतं सगळं.
मी हीट गनकडे हात नेला नाही.

मग एकदम तिचं बोट वर.

मी तिथून मोजायला सुरुवात केली.
त्या आठवड्याची कॉफी कडू निघाली.
प्यायलो.