दोन ओळींत उत्तर

महातांते सरांनी फळ्यावर व्याख्या लिहिली,
आधी फ्रेंचमध्ये, मग खाली आमच्या बोलीत:
आजच्या गरजा भागवायच्या,
पण उद्याच्यांच्या गरजांवर घाला न घालता.
खडू संपत आला होता.
'उद्याच्यांच्या' हा शब्द त्यांनी
नखाएवढ्या तुकड्यानं खरवडत लिहिला
आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

पुस्तकात उदाहरण होतं कुठल्याशा थंड देशातल्या जंगलाचं.
सर म्हणाले, ते राहू दे.
आपल्याकडे प्रवाळाचा खडक आहे,
गावानं तीन महिने बंद ठेवलेला.
तीच व्याख्या समजा, फक्त खारट.

मला हसू आलं.
बंदीचा ठराव माझ्याच अक्षरात होता.
चिंचेखाली सभा बसली तेव्हा
म्हातारे बोलत गेले, मी उतरवत गेले
(सरळ ओळीत लिहिणारं गावात दुसरं कोणी नाही):
ऑक्टोपस धरायचा नाही. भाला न्यायचा नाही.
ओहोटीला खडकावर पाऊल नाही.
मोडेल त्याला दंड, एक बकरी किंवा तिची किंमत.
खाली बायकांचे अंगठे.
आईचाही.
शाई चार दिवस गेली नाही तिची,
मक्याची पेज ढवळताना दिसायची.

ऑक्टोपसची मादी अंड्यांपाशी बसून राहते,
सर सांगत होते,
त्यांच्यावर पाणी फुंकत राहते,
स्वतः काही खात नाही.
पिलं बाहेर पडली की मरते.
मागच्या बाकावरून रेलाहा म्हणाला,
मग तिच्या गरजांचं काय?
वर्ग खिदळला.
सर हसले नाहीत.
बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले,
जिथे समुद्र नुसताच चकाकत होता.

चाळिसावी रात्र, अवस.
पाणी लांब मागे हटलेलं.
आई उठली.
तिच्या चटईचा आवाज मला पाठ आहे.
भाला कुडात खोचलेला असतो,
सकाळी तो जागेवर होता,
पण ओला.
पलीकडच्या गावचा व्यापारी कुणाची बंदी पाळत नाही.
शुक्रवारी माझी परीक्षेची फी भरली गेली.
मी विचारलं नाही,
तिनं सांगितलं नाही,
धाकट्या तोवोनं तेवढं विचारलं,
आई, रात्री तुझे पाय कशानं कापले?

बंदी उठली त्या पहाटे
सगळं गाव गुडघाभर पाण्यात.
जे ऑक्टोपस आधी मुठीत मावायचे
ते आता दोन्ही हातांनी उचलावे लागत होते.
काटा धरणारा ओरडून वजन सांगत होता,
मी वहीत आकडे टाकत होते,
बायका एकमेकींना हाका मारत होत्या,
व्याख्या खरी होत होती, ओली, वळवळणारी.

आईनं पहिला, सगळ्यात जड,
टोपलीत टाकला नाही.
सरळ काठावर जाऊन
म्हाताऱ्या एफितीच्या पायाशी ठेवला.
'दंडाचा,' म्हणाली.
कोणीतरी पुटपुटलं, एक ऑक्टोपस म्हणजे बकरी नव्हे.
एफितीनं तिच्या पायांकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
'लिही,' म्हणाला,
'बाकी पुढच्या बंदीनंतर.'

मी लिहिलं. आईचं नाव, सरळ ओळीत.
समुद्राच्या पोटात अजून न जन्मलेल्यांवर
आमची उधारी चढली.

परीक्षेत आलंच.
प्रश्न तिसरा, दोन ओळींत उत्तर लिहा, गुण दोन.
मी सरांची व्याख्या शब्दाला शब्द उतरवली.
रेघ तेवढी चुकली माझी,
'आजच्या' या शब्दाखाली गेली.

पेपर परत आला तेव्हा
एक गुण होता,
आणि समासात, लाल शाईत:
ही रेघ कशाला?